घोड्याच्या ट्रॉलीची बिजागरी तुटली आहे: घरी काय करावं, कुठं हात लावू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागल तालुक्यातल्या एका भावानं दोन घोड्यांची जुनी ट्रॉली विकत घेतली आहे, जीपमागं ओढायची. मागचा फाळका खाली सोडला की त्याचाच रॅम्प होतो. त्या फाळक्याची डावी बिजागरी तुटली आहे आणि उजवीकडची खिट्टी वाकल्यामुळं धड बसत नाही. घोड्याच्या मागं लावायच्या साखळ्या आधीच्या मालकानं काढून टाकल्या होत्या, त्या अजून लावलेल्या नाहीत. घरी वेल्डिंग मशीन आहे आणि धाकटा भाऊ गेट-ग्रिलची कामं करतो. दत्त जयंतीला नंदुरबारकडच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जायचं आहे. तेव्हा बिजागरी घरीच वेल्ड केली तर चालेल का?

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फॅब्रिकेशन करतो. मुख्य धंदा उसाच्या ट्रॉल्यांचा, पण घोड्यांच्या ट्रॉल्याही येतात आणि त्यातल्या बऱ्याचशा मागच्या फाळक्याचंच दुखणं घेऊन येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरी करायला हरकत नाही. पण बिजागरीपासून सुरुवात करू नका. तुम्ही ज्या तीन गोष्टी वेगवेगळ्या म्हणून सांगितल्यात (तुटलेली बिजागरी, वाकलेली खिट्टी, नसलेल्या साखळ्या) ती माझ्या मते एकच गोष्ट आहे. गाडी चढाला लागली किंवा चालकानं झटक्यात वेग घेतला की घोडा मागं सरकतो. मागं साखळी असेल तर त्याचा पुठ्ठा (मागचा भाग) साखळीला टेकतो आणि तो भार उभ्या खांबांवरून सांगाड्यात जातो. साखळी नसेल तर घोडा थेट फाळक्यावर बसतो. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर, त्यात दोन. तो भार मग खाली बिजागऱ्यांवर आणि वर खिट्ट्यांवर येतो. खिट्टी असते फाळका बंद ठेवण्यासाठी, घोडा अडवण्यासाठी नव्हे. ती वाकते. वाकली की फाळक्याला त्या कोपऱ्यात खेळ मिळतो, रस्त्यावर तो आपटत राहतो, आणि तिरका पीळ पडून समोरच्या बाजूची खालची बिजागरी मार खाते. तुमची खिट्टी उजवी वाकली आणि बिजागरी डावी तुटली, हे या हिशोबात बरोबर बसतं. असं असेल तर नुसती बिजागरी कितीही जाड टाका, ती किंवा तिच्या शेजारचं काहीतरी पुन्हा तुटणारच.

हा अंदाज आहे. ट्रॉली समोर नाही, त्यामुळं दुसरी दोन कारणंही डोक्यात ठेवा. एक म्हणजे तुम्ही फाळका कुठं सोडता ती जागा. अंगणात एका बाजूला फरशी आणि दुसऱ्या बाजूला माती असेल तर फाळक्याचा एकच कोपरा टेकतो. घोडा चढताना फाळका पिळतो आणि रोज त्याच एका बिजागरीला झटका बसतो. घोडा उभा असतानाच त्याचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं, त्यामुळं पुढचे दोन पाय फाळक्याच्या वरच्या टोकाला आले की भार नेमका बिजागरीपाशी येतो. दुसरं कारण गंज, आणि ते सगळ्यात वाईट. त्याकडं येतोच.

कारण ओळखायला तुटलेला तुकडा बघा. तो फेकू नका, ग्राइंडर तर अजिबात लावू नका. चिंधीनं पुसा आणि उन्हात धरून तुटलेलं तोंड निरखा. सगळं तोंड एकसारखं चकाकतं, दाणेदार आहे, तर तो एका झटक्यात तुटला आहे: कुठंतरी आपटला, मागं घेताना ट्रॉली कशाला तरी लागली, असं काहीतरी. पण तोंडाचा एक भाग काळपट किंवा तांबूस आणि बाकीचा चकचकीत असेल, तर काळपट भागात चीर केव्हाचीच होती. पाणी आत जात होतं. उरलेल्या धातूवर काम चाललं होतं आणि शेवटी तोही गेला. आमच्याकडं येणाऱ्या तुकड्यांत हा दुसरा प्रकारच जास्त असतो. तुमचाही तसाच निघाला तर उजवी बिजागरी शाबूत आहे असं धरून चालू नका, तिनंही तेवढाच मार खाल्लेला आहे. दोन्ही बदला.

चीर कुठून सुरू झाली तेही बघायचं. वेल्डच्या अगदी कडेला, पत्रा आणि वेल्ड मिळतात त्या रेषेवर ती सुरू झाली असेल तर आधीचं वेल्डिंग एक तर जास्त तापवून केलं आहे किंवा कडा खाऊन टाकल्या आहेत. पिनच्या भोकाकडून सुरू झाली असेल तर भोक लंबगोल झालं आहे का बघा. पिन आत हलवली आणि खडखडली, डोळ्याला फट दिसली, तर तो बुश (पिन जिच्यात फिरते ती नळी) गेला. त्यात नवी पिन घालून काही होत नाही.

आता गंज. बिजागरी जिथं बसते तो मागचा आडवा चॅनल म्हणजे अख्ख्या ट्रॉलीची सगळ्यात दुर्लक्षित जागा. घोड्याचं मूत मॅटखालून वाहत वाहत तिथंच येऊन साचतं, वर फाळक्याच्या फटीतून पावसाचं पाणी. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. गगनबावडा-राधानगरीकडच्या गाड्या आल्या की मी आधी मागं वाकून बघतो. तुम्ही एवढंच करा: सगळे रबर मॅट बाहेर काढा, जमिनीवर झोपून खालून बघा. छोट्या हातोडीनं चॅनल ठोकत जा. धड लोखंड खणखणतं, सडलेलं बदबद वाजतं. मग जाड पेचकस घेऊन शंका येईल तिथं जोर लावा. पेचकस आत रुतला किंवा पापुद्रे सुटले तर काम तिथंच थांबवा. सडलेल्या चॅनलवर नवी बिजागरी वेल्ड करणं म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला पितळी कडी लावण्यासारखं आहे. तो चॅनल कापून नवीन घालावा लागेल. ते सांगाड्याचं काम आहे, ट्रॉली सरळ रेषेत टेकवून, मापं घेऊन करायचं, आणि ते घरी करू नका असंच मी सांगेन. त्याच पेचकसानं मजल्याच्या फळ्याही खालून टोचून बघा. वरून फळी टणक लागते आणि खालून तिचा भुसा झालेला असतो.

चॅनल धड निघाला असं धरून पुढं जातो.

फाळका सोडवण्याआधी एक गोष्ट तपासा, जी तुम्ही लिहिलेली नाही: फाळक्याला स्प्रिंग आहे का? एकट्या माणसाला फाळका सहज वर उचलता येत असेल तर आहे असंच समजा. कुठं बिजागरीच्या पिनवरच गुंडाळलेली असते, कुठं बाजूला केबलला, काही नव्या ट्रॉल्यांना गॅसचा दट्ट्या असतो. फाळका खाली सोडलेला असतो तेव्हा स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते, वर बंद असतो तेव्हा सगळ्यात सैल. म्हणून फाळका खाली ठेवून पिन ठोकायला जाऊ नका. ठोकलेली पिन आणि स्प्रिंगचा हात कुठल्या दिशेनं उडेल ते सांगता येत नाही, आणि एक बिजागरी आधीच तुटलेली असल्यामुळं भार वाकडा आहे. फाळका बंद करा, दोन रॅचेट पट्ट्यांनी सांगाड्याला आवळा, मग स्प्रिंग सोडवा. बंद अवस्थेतही थोडा ताण शिल्लक असतोच, तेव्हा तोंड बाजूला ठेवून. पिनवर गुंडाळलेली जाड स्प्रिंग असेल आणि ती नेमकी कशी सोडवायची याचा अंदाज येत नसेल तर ते काम बाहेर द्या. सगळ्या दुरुस्तीत माणसाला इजा होण्याची सगळ्यात मोठी जागा हीच आहे.

ट्रॉली जीपला जोडलेलीच ठेवा आणि चाकांना पुढून-मागून दगड लावा. सुटी ठेवलीत आणि मागं दोन माणसं उभी राहिली तर पुढची दांडी वर उठते आणि मागचा भाग खाली बसतो. जोडलेली ठेवायची, पण लाइटची वायर मात्र जीपपासून काढायची आणि बॅटरीची तारही सोडायची. वेल्डिंगचा करंट जीपच्या वायरिंगमधून फिरला तर त्या खर्चात ट्रॉलीचे नवीन टायर येतील.

फाळका उतरवायला दोन माणसं लागतातच. तो उतरला की खरं काम सोपं आहे. माझी पद्धत अशी: बिजागरी थेट सांगाड्यावर वेल्ड करायची नाही. बिजागरीचे बुश ८ मिलीमीटरच्या प्लेटवर टेबलावर वेल्ड करायचे आणि ती प्लेट बोल्टनं सांगाड्याला लावायची. यामागं तीन कारणं आहेत. टेबलावर आडव्या बैठकीत केलेलं वेल्डिंग ट्रॉलीखाली झोपून, डोक्यावर हात करून केलेल्या वेल्डिंगपेक्षा केव्हाही चांगलं येतं. दुसरं, बोल्ट ढिला झाला तर दिसतो. वेल्डला आतून चीर गेली तर दिसत नाही. तिसरं, सारंगखेड्याच्या वाटेवर काही झालं तर पान्यानं प्लेट सोडवून बदलता येते. उसाच्या ट्रॉलीला मी असं करत नाही, तिथं सरळ वेल्ड करतो. तिथं माल वेगळा आहे.

बोल्ट १२ मिलीमीटरचे, डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेले. आकडा नसलेला बोल्ट घेऊच नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी. मागून आधाराची पट्टी, जाड वायसर, आणि आत नायलॉनची कडी असलेला नट. चॅनल उघडा (एका बाजूनं मोकळा) असेल तर काही प्रश्न नाही. पण सांगाडा चौकोनी पाइपचा असेल तर आरपार बोल्ट आवळला की पाइप चेपतो, मग बोल्ट कधीच घट्ट राहत नाही. अशा वेळी पाइपच्या आत बोल्टभोवती नळीचा तुकडा घालावा लागतो, पाइपच्या रुंदीएवढाच कापलेला. आवळण्याचा जोर तो तुकडा घेतो. घोड्याचं अंग लागेल अशा कुठल्याही जागी बोल्टचं गोल डोकं आत आणि नट बाहेर. हे ट्रॉलीतल्या प्रत्येक बोल्टला लागू आहे. आत नुसता अर्धा इंच बाहेर आलेला नटही घोड्याच्या मांडीवर रेघ ओढतो.

पिनेसाठी बांधकामाची सळी वापरू नका. हे इतक्या वेळा बघतो की मुद्दाम लिहितोय. सळीच्या अंगावरचे काटे बुशला कानशीसारखे खातात आणि वर्षभरात भोक लंबगोल. ईएन-८ चा ब्राइट बार (मध्यम कार्बन पोलादाची गुळगुळीत गोल सळी) घ्या, लेथवाल्याकडून बुशच्या मापाला उतरवून घ्या, टोकाला स्प्लिट पिनेसाठी भोक पाडून घ्या. उद्यमनगरातला कुठलाही टर्नर हे काम उभ्या उभ्या करून देईल. जुना बुश आणि तुटलेला तुकडा दोन्ही बरोबर आणा, तोंडी माप सांगू नका.

आता धाकट्या भावाच्या वेल्डिंगबद्दल. त्याला कमी लेखत नाही, पण ग्रिलचं वेल्डिंग दीड-दोन मिलीमीटरच्या पाइपवर असतं. तिथं सवय लागते ती पत्रा जळू नये म्हणून करंट कमी ठेवायची. तोच हात ८ मिलीमीटरच्या प्लेटवर गेला की वेल्ड वरून सुंदर दिसतो आणि आत धरलेलाच नसतो. शिवाय गावाकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं. मशीनवर आकडा १२० अँपिअर दाखवला तरी तेवढा करंट मिळेलच असं नाही. म्हणून आधी परीक्षा घ्या: त्याच प्लेटचे दोन तुकडे, कामाला वापरणार त्याच ३.१५ मिलीमीटरच्या रॉडनं, त्याच वेळी, काटकोनात एका बाजूनं वेल्ड करा. मग वाइसमध्ये धरून घणानं मोडा. वेल्ड फाटला आणि मधे दोन्ही प्लेटचा धातू वितळून एकजीव झालेला दिसला तर भाऊ पास. वेल्ड सालीसारखा अख्खा सुटून आला आणि खाली ग्राइंडिंगच्या रेघा तशाच दिसल्या, तर हे काम त्याचं नाही. ही परीक्षा मी कामाला येणाऱ्या नव्या पोरांचीही घेतो, त्यात रागवण्यासारखं काही नाही.

पास झाला तर कडांना तिरका उतार द्या, रंग आणि गंज इंचभर तरी मागं काढून लोखंड पांढरं करा. पावसाळ्यात पडून राहिलेले रॉड उन्हात किंवा शेगडीपाशी वाळवून घ्या. बुश प्लेटवर लावताना पिन आत घालूनच टाके मारायचे, आधी पूर्ण वेल्ड नाही. टाके मारले की पिन फिरवून बघा, फाळका लावून उघड-मीट करून बघा, मगच थोडं इकडं थोडं तिकडं असं पूर्ण करा. एकाच बाजूला सलग ओढलं तर वेल्ड आकसतो, बुश तिरका होतो आणि पिन अडकते. मग लोक पिन ठोकून बसवतात, आणि बिजागरी पहिल्या दिवसापासून ताणाखाली राहते.

गॅल्व्हनाइज्ड पाइप किंवा पत्रा असेल तर जस्ताचा थर आधी घासून काढा. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दूध प्यायलं, गूळ खाल्ला की काही होत नाही असं आमच्या धंद्यात सगळे म्हणतात. दूध प्यावं, चांगलंच असतं, पण धुराला त्याचा उपयोग नाही. मोकळ्या हवेत, वाऱ्याकडं पाठ करून काम करा. आणि तुमची ट्रॉली ॲल्युमिनियमची असेल (चुंबक लावून बघा) तर घरच्या मशीनचा विचारच सोडा.

सांगाड्यावर थोडंफार वेल्डिंग करावं लागलंच तर अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा. पुढं दांडीला चिमटा आणि मागं वेल्डिंग असं केलं तर करंट वाट मिळेल तिकडून जातो. चाकाच्या बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर डाग पडतात आणि पुढं बेअरिंग घरघरायला लागतं. मजला लाकडाचा, त्यावर वाळलेलं गवत, भिंतीला फोम. ठिणगी कुठं जाऊन बसेल सांगता येत नाही. सगळं झाडून, फळ्या भिजवून घ्या, पाण्याची बादली जवळ ठेवा, आणि काम संपल्यावर लगेच जेवायला जाऊ नका. तासभर तिथंच थांबा. आणि घोडे त्या दिवशी गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला. वेल्डिंगचा उजेड आणि ग्राइंडरचा आवाज त्यांनी ट्रॉलीशी जोडला तर पुढं महिनाभर चढणार नाहीत.

खिट्टीला फार लिहिण्यासारखं नाही. वाकलेली सरळ करू नका, नवी करा. एकदा वाकून सरळ केलेलं लोखंड त्याच जागी पुन्हा वाकतं, आणि तापवून सरळ केलं तर मऊ पडतं. फक्त बिजागऱ्या बसल्यावरच खिट्टीची जागा ठरवा, कारण फाळका थोडा तरी सरकणारच. बंद केल्यावर वरच्या कोपऱ्यावर मूठ मारून बघा, खडखडता कामा नये. खिट्टी आपोआप उघडू नये म्हणून तिला आडवी पिन हवी, आणि ती पिन साखळीला बांधलेली हवी, नाहीतर पहिल्याच मुक्कामाला हरवते.

साखळ्या मात्र मनावर घ्या. किंबहुना वेळ कमी असेल तर या आधी करा. साखळीच्या कड्या उभ्या खांबाला आरपार बोल्टनं, मागं पट्टी देऊन लावायच्या, पत्र्याला नाही. उंची घोड्याच्या पुठ्ठ्याच्या टोकाच्या थोडी खाली आणि मागच्या ढोपराच्या बरीच वर. तुमचे दोन घोडे उंचीनं वेगळे असतील तर कडीला दोन भोकं ठेवा. साखळीवर रबरी पाइप चढवा. आणि एका बाजूचा हूक असा हवा की घोडा पूर्ण जोर लावून टेकलेला असतानाही एका हातानं सुटेल. जहाजी शॅकल, नट-बोल्ट, कुलूप यातलं काहीही चालणार नाही. भार आल्यावर ती सुटत नाहीत, आणि सोडवायची गरज नेमकी तेव्हाच पडते. सरकणाऱ्या कॉलरचा पॅनिक हूक मिळतो, तो घ्या. छातीपुढच्या आडव्या दांडीलाही तोच नियम: ती बाहेरून सोडता आली पाहिजे. घोडा पुढून दांडीवर चढला तर आत शिरून सोडवायला जागा नसते.

साखळी लावली की तिचा क्रमही पाळावा लागतो, नाहीतर ती नसलेलीच बरी. घोडा चढवताना आधी मागची साखळी, मग मोरकी बांधायची. उतरवताना आधी मोरकी सोडायची, मग साखळी. उलटं केलं तर डोकं बांधलेलं आणि मागं मोकळं, असा घोडा मागं सरकतो, दोराला हिसका बसतो, घाबरतो आणि मग जे सापडेल ते मोडतो. खिट्ट्या-बिजागऱ्या अशाही तुटतात. मोतद्दाराला हे आधी समजावून ठेवा. मी स्वतः मोरकीचा दोर थेट कडीला बांधत नाही, कडीत सुतळीचा फेरा घालून त्याला बांधतो, म्हणजे अगदीच प्रसंग आला तर सुतळी तुटते. जुने घोडेवाले यावर वाद घालतात, म्हणतात घोड्याला एकदा सुटायची सवय लागली की जात नाही. त्यांचंही चूक नाही. तुमचा घोडा तुम्हाला माहीत.

मधल्या पार्टिशनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बिजागरीचं काम करताना ते काढून ठेवाल आणि "जागा मोठी वाटते" म्हणून परत लावणार नाही, असं होऊ शकतं. लावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जनावरांच्या वाहतुकीसाठी प्रत्येक जनावराला वेगळा कप्पा आणि घोड्याला २.२५ चौरस मीटर जागा सांगितली आहे. नियम बाजूला ठेवला तरी मोकळ्या जागेत दोन घोडे वळणावर एकमेकांवर पडतात.

ज्याला घरी हात लावायचा नाही ते आता सांगतो: पुढचा कपलर (जीपच्या बॉलवर बसतो तो), बॉल, दांडीचा त्रिकोण, स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, एक्सल. फाळका तुटला तर घोडा रस्त्यावर येतो. हे तुटलं तर घोड्यासकट ट्रॉली. कपलर हा वेल्ड करून दुरुस्त करायचा भाग नाही, झिजला की बदलायचा. आधीच्या मालकानं कपलर कापून ट्रॅक्टरच्या खिळीसाठी कडी वेल्ड केली आहे का तेवढं बघा, जुन्या ट्रॉल्यांना असं केलेलं सापडतं. खिळीत खेळ असतो, प्रत्येक ब्रेकला धक्का बसतो. उसाला धक्का बसला तर ऊस काही बोलत नाही.

सगळं झाल्यावर पहिली चाचणी घोड्यावर घेऊ नका. फाळका सपाट जागी सोडा, दोन्ही कोपरे टेकलेत बघा, आणि सिमेंटची ५० किलोची पोती वरच्या टोकाला रचत जा. आठ पोती म्हणजे ४०० किलो, पण चालत्या घोड्याचा भार उभ्या वजनापेक्षा जास्त येतो, म्हणून बारापर्यंत जा. सिमेंट नसेल तर वाळू भरा. रचताना फाळक्याखाली हात-पाय घालू नका. रात्रभर तसंच ठेवून सकाळी वेल्डच्या कडांना रंगाला केसासारखी रेघ पडली आहे का बघा. म्हणूनच त्या जागेवर फिकट रंगाचा प्राइमर बरा, गडद रेड ऑक्साइडवर रेघ पटकन दिसत नाही.

नंतर प्रत्येक नटावर आणि शेजारच्या प्लेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ मारा. रिकामी ट्रॉली घेऊन निपाणीपर्यंत जाऊन या, शक्यतो सर्व्हिस रोडच्या खड्ड्यांतून. परत आल्यावर नट आवळून बघा आणि रेघा तुटल्यात का पाहा. मग एक शांत घोडा घेऊन तेवढीच फेरी. सारंगखेडा इथून सहाशे किलोमीटरच्या वर आहे आणि येताना खंबाटकीचा चढ लागतो. फाळक्याची आणि साखळ्यांची खरी परीक्षा तिथं आहे. वाटेत घोड्यांना पाणी दाखवायला थांबाल, तेव्हा मागं वाकून त्या रेघा बघायला अर्धा मिनिट लागतो.

ट्रॉली ओढत उद्यमनगरात आणायची गरज नाही, तुटक्या फाळक्यानं तर नाहीच. फाळका उतरवून छोट्या हत्तीत आडवा टाका, सोबत दोन्ही बिजागऱ्या, पिना, तुटलेला तुकडा आणि मागच्या चॅनलचा पुढून-खालून काढलेला फोटो. चॅनलची जाडी आणि तो उघडा आहे की चौकोनी पाइप, एवढं लिहून आणलंत तर प्लेट त्याच दिवशी तयार होईल, बोल्ट मात्र घरी जाऊन तुम्हालाच आवळावे लागतील.